नगरपरिषदेचं अग्निशमन दल : पगारी माणसं ठेवायची की स्वयंसेवक?

चौकातला_चष्मा

ब वर्ग नगरपरिषद, लोकवस्ती ७० हजारांच्या आसपास. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत अग्निशमनाचा विषय येतोय. सध्या साडेचार हजार लिटरचा एक बंब, एक मिनी बंब, आणि आकृतीबंधातली (म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यातली) निम्म्याहून जास्त पदं रिकामी. रात्रपाळीला एक यंत्रचालक आणि पाणीपुरवठा विभागाकडून उसना आणलेला एक माणूस.

विषयपत्रिकेवर दोन प्रस्ताव आहेत. पहिला : ठेकेदारामार्फत २४ माणसं. दुसरा : तालमी, गणेश मंडळं, ट्रेकिंगवाले यांच्यातून ४० स्वयंसेवक निवडायचे, त्यांना प्रशिक्षण द्यायचं, वर्दीमागे (म्हणजे आगीच्या प्रत्येक बोलावण्यामागे) मानधन द्यायचं आणि पगारी फक्त चालक ठेवायचे.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. बहुतेक वर्द्या गवत, कचरा आणि उसाच्या फडाच्या. त्यासाठी २४ जणांना कॅरम खेळत बसवायचं का? जाणकारांनी लिहावं. 'शासनाने लक्ष घातलं पाहिजे' एवढं सोडून काहीही चालेल.

यंत्रचालक_६३

२४ म्हणजे एका बंबाचा पूर्ण संच, त्याहून जास्त काही नाही. एका गाडीवर एक यंत्रचालक, एक प्रमुख विमोचक आणि चार विमोचक (आग विझवणारे जवान), म्हणजे सहा. तीन पाळ्यांचे १८. साप्ताहिक सुट्टी धरली की २१, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरलं की २४. म्हणजे कुठल्याही क्षणी ठाण्यात हजर सहाच. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष ५० हजार लोकांमागे एक पंप असा आहे. त्या हिशोबाने तुम्हाला दोन गाड्या लागतात, म्हणजे ४८ माणसं.

सहाच का, तेही सांगतो. धुराने भरलेल्या घरात बीए सेट (पाठीवर हवेची टाकी असलेलं श्वसनयंत्र) लावून दोघे आत जातात. त्यांचं काही बिघडलं तर आत शिरायला दोघे सेट चढवून दारात उभे. एक पंपावर, एक प्रमुख बाहेरून सगळं बघणारा. यातला कोणता माणूस कमी करणार? दोघांच्या गाडीने फक्त बाहेरून पाणी मारता येतं. ते कचऱ्याला चालतं, पहिल्या मजल्यावर अडकलेल्या आजीला चालत नाही.

फोम भरलेले सोफे, गाद्या असलेल्या आजच्या खोलीत पेट घेतल्यापासून साधारण तीन ते पाच मिनिटांत सगळी खोली एकदम भडकते. त्याआधी कोण पोचतं यावर पुढचं सगळं ठरतं. ठाण्यातली पाळी मिनिटा-दीड मिनिटात बाहेर पडते. स्वयंसेवक आधी घरून ठाण्यात येणार, मग कपडे चढवणार, मग गाडी हलणार.

सुपारी_न_फोडता

मंडळाची पोरं घ्याल तर बंबाच्या आधी डीजे पोचेल. 🙂

राईनकाठ

तेवढं हसण्यावारी नेऊ नका. जर्मनीत अग्निशमन दलाचा कणा स्वयंसेवकच आहेत, जवळपास दहा लाख. तिथल्या बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या कायद्यात लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली की पगारी दल सक्तीचं, त्याखाली स्वयंसेवक चालतात. म्हणजे चष्मा यांचं ७० हजारांचं शहर तिथे स्वयंसेवकांवर चाललं असतं. मात्र त्यामागची व्यवस्था पाहा :

पायाभूत प्रशिक्षणाचा पहिला भागच किमान ७० तासांचा. बीए सेटसाठी वेगळे २५ तास, त्यासाठी वैद्यकीय तपासणी, आणि दरवर्षी सेट लावून श्रमचाचणी. चाचणी चुकली की त्या माणसाला धुरात पाठवता येत नाही, मग तो कितीही जुना असो.

वर्दी आली की मालकाने कामावरून सोडायचं, पगार कापायचा नाही, आणि मालकाने मागितला तर तो पगार गावाने भरून द्यायचा.

फोन आल्यापासून दहा मिनिटांत पहिली गाडी जागेवर, हा बायर्नचा मापदंड. तो पाळायचा तर गाडीवरच्या प्रत्येक जागेमागे दोन-तीन माणसं नोंदवून ठेवतात, कारण दिवसा निम्मे लोक दुसऱ्या गावात नोकरीला असतात. आणि एवढं करूनही काही मध्यम शहरांत ठाण्यावर थोडी पगारी माणसं चोवीस तास असतात. पुरेसे स्वयंसेवक मिळाले नाहीत तर गावाला कायद्याने लोकांना सक्तीने भरती करता येतं. सिल्ट बेटावरच्या लिस्ट गावाने ते केलंही.

सुपारी_न_फोडता

सक्तीची भरती ऐकून आमच्या वॉर्डातले निम्मे इच्छुक मागे फिरले.

हिशेबनीस

खर्चावर कोणीच बोलत नाहीये. बऱ्याच भरतीच्या जाहिरातींत विमोचकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० असते. महागाई भत्ता, घरभाडे वगैरे धरून नगरपरिषदेला माणशी ३५ हजार पडतात असं समजू. २४ माणसांचे वर्षाला एक कोटीच्या वर जातात. तो आस्थापना खर्च, कायमचा, दरवर्षी वाढणारा. ब वर्गाला हे झेपत नाही म्हणूनच पदं रिकामी राहतात.

आता 'फुकट' स्वयंसेवक. सूट, बूट, हेल्मेट, हातमोजे, चांगल्या प्रतीचे घेतले तर माणशी ४०-५० हजार धरा. ४० जणांचे १६ ते २० लाख. कापड धुण्याने, उन्हाने उतरतं, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तोच खर्च. शिवाय विमा, तपासणी, सराव. तरीही पगारी दलाच्या पासंगाला पुरत नाही, हे मान्य. पण शून्य नाही.

ठेका हा तिसराच प्रकार. ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधी भरला नाही, तीन महिने पगार थकवला, तर मूळ नियोक्ता म्हणून नगरपरिषदच दारात येते. दर वर्षी निविदा, दर वर्षी नवी माणसं. ज्याला शहराच्या गल्ल्या पाठ झाल्या तो मार्चअखेर घरी.

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. अशा योजनेतून गाड्या, ठाणी, साहित्य येऊ शकतं. पगार आपल्याच तिजोरीतून.

जर्सी_सिटीकर

अमेरिकेतले सुमारे ६५ टक्के अग्निशामक स्वयंसेवक आहेत. तिथे वेळेचे मापदंडच दोन आहेत. पगारी दलासाठी ८० सेकंदांत ठाण्याबाहेर आणि पहिली गाडी २४० सेकंदांच्या प्रवासात, गाडीवर चौघे. स्वयंसेवी दलासाठी दाट वस्तीत ९ मिनिटांत १५ माणसं, मध्यम वस्तीत १० मिनिटांत १०, विरळ वस्तीत १४ मिनिटांत ६. दाट वस्तीत माणसं जास्त मागितली आहेत. चष्मा यांच्या प्रस्तावात उशीर मान्य केलाय, वाढीव माणसं नाहीत.

मानधनाचीही तिथे अडचण होते. पगारी माणसाला त्याच कामाचं जे मिळेल त्याच्या २० टक्क्यांच्या आत राहिलं तर ते मानधन. वर गेलं की तो कामगार ठरतो आणि किमान वेतन मागू शकतो. 'वर्दीमागे अमुक रुपये' लिहिण्याआधी आपल्याकडच्या कामगार कायद्याच्या माणसाला विचारा.

जुना वाद आहे हा. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये स्वयंसेवी दल काढलं. पुढे शहराशहरांत अशी दलं एकमेकांशी मारामाऱ्या करू लागली, नळ कोणी आधी धरायचा यावरून. सिनसिनाटीने १८५३ मध्ये कंटाळून पूर्ण पगारी दल उभारलं, आणि त्याच सुमाराला वाफेचा पंप आल्याने माणसंही कमी लागू लागली.

रंकाळा_एक्सप्रेस

नळ कोणी आधी धरायचा यावरून मारामारी! भावा, आमच्याकडं आरतीचं ताट कोणी धरायचं यावरून होते.

पाचवा_मजला

चिली देशात सगळीच दलं स्वयंसेवी आहेत, राजधानीतसुद्धा. देशातलं पहिलं दल १८५१ चं. आणि स्वयंसेवक आपल्या तुकडीला उलट वर्गणी भरतात.

हिशेबनीस

वर्गणी घेणाऱ्यांना भरायला सांगणार? शुभेच्छा.

भोंगाप्रेमी

मूळ अडचण बोलावण्याची आहे. व्हॉट्सअॅप गटावर 'आग लागली आहे, ताबडतोब या' टाकलं की चाळीसांतले बारा जण अंगठा दाखवतील, आणि तो अंगठा येतोय म्हणून की वाचलं म्हणून, ते कळणार नाही. रात्री तर फोन शांत करून ठेवलेले. नगरपरिषदेचा भोंगा अजून चालू असेल तर तोच वापरा. रोजच्या वेळेचा एक सलग, वर्दीचा तीन तुटक. शिवाय सगळ्यांना एकाच वेळी रिंग देणारी यंत्रणा, ज्यात 'एक' दाबलं की येतोय, 'दोन' म्हणजे नाही. ठाण्यातल्या माणसाला दोन मिनिटांत आकडा कळला पाहिजे, नाहीतर त्याने शेजारच्या शहराला फोन करायचा कधी?

सुपारी_न_फोडता

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद करून पोरांनी अभ्यासाला बसायचं. तिथे तीन तुटक वाजले की पोरं खूश होतील.

गच्चीवरचा_तुळस

आमच्याकडे भोंगा ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीवरून बंद पडला. तक्रार करणारे दर रविवारी सकाळी ६ ला फटाके लावतात, पण तो वेगळा धागा.

यंत्रचालक_६३

कॅरमचा मुद्दा राहिला. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, लागू २००८ पासून. त्यानुसार मालक-भोगवटादारांनी जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी द्यायचा, की आमची यंत्रणा चालू स्थितीत आहे. तुमच्या शहरात किती रुग्णालयं, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास आहेत? किती फॉर्म आले? आलेल्यातले किती खरे, हे जाऊन बघायचं काम कोणाचं? जिन्याखालच्या खोलीत गाद्या रचल्यात, आपत्कालीन दाराला कुलूप आहे, पंपाची कळ 'ऑटो'वरून काढून ठेवलीय, हे दिवसा फिरून दिसतं. तपासणीचा आणि नोटिशीचा अधिकार नामनिर्देशित अधिकाऱ्याचा. स्वयंसेवक फार तर विनंती करेल.

उरलेला वेळ गाडीला. होज (पाण्याचे लांब पाइप) वापरल्यावर धुऊन उभे टांगून वाळवले नाहीत तर आतून बुरशी धरते आणि सात बारच्या दाबाला फुटतात. कपलिंगचे (होज जोडायच्या जोडाचे) रबरी वॉशर हरवतात, मग जोडातून निम्मं पाणी रस्त्यावर. प्रायमर (पंपात पाणी ओढून घेणारा भाग) महिनाभर चालवला नाही तर विहिरीतून पाणी ओढताना ऐन वेळी हवा धरतो. बॅटरी उतरलेला बंब ढकलत काढणारी नगरपरिषद हा विनोद नाही, नेहमीचं दृश्य आहे. हे रोजचं काम आहे. रोजचं काम रोज येणाऱ्यालाच सांगता येतं.

विहिरीकाठ

छोट्या शहराच्या दलाला आगीइतकंच विहिरीचं आणि ड्रेनेजचं काम असतं. उत्साही स्वयंसेवकाला सगळ्यात जास्त धोका तिथेच. एक जण खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघायची पद्धत धरू नका. ज्योत तग धरून असली तरी खाली हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि गाळातून मिथेन येत असेल तर ज्योतच स्फोट करेल. गॅसमापक दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी, तीन ठिकाणी वाचन घ्यायचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर बीए सेटशिवाय कोणी उतरायचं नाही. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडायचा, वरच्या वर हवा मारून उपयोग नाही. तिपाई, चरखी, अंगावर पट्टा, आणि वर दोर धरणारा असा की जो ओरडा ऐकून स्वतः उडी मारणार नाही. प्रशिक्षणात हा शेवटचा भाग शिकवायला सगळ्यात अवघड.

तसंच पेटलेल्या सिलिंडरचं. नळाशी ज्योत आहे आणि गॅस बंद करता येत नाही, तर ज्योत विझवायची नाही, लांबून, आडोशाने टाकी थंड करत राहायचं. पाण्याचा फवारा मारून ज्योत विझवली की गॅस खोलीभर पसरतो आणि पुढची ठिणगी भिंत घेऊन जाते. विझवली म्हणून टाळ्या मात्र लगेच मिळतात.

सह्यवाट

स्वयंसेवकांना इतकं कमी लेखू नये. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, कोल्हापूरची व्हाइट आर्मी, खोपोलीचे हायकर्स, यांचं काम राज्याला माहीत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड आली तेव्हा वाट माहीत असणारी स्थानिक माणसंच उपयोगी पडली. त्याच चढणीवर नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका कर्मचाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला, हेही विसरू नये. तपासणी पगारी माणसालाही लागते, स्वयंसेवकालाही.

केरळने २०१९ मध्ये दोन्ही जोडलं : अग्निशमन दलाच्याच हाताखाली नागरी संरक्षण दल, १२४ ठाणी, प्रत्येक ठाण्याला ५० स्वयंसेवक, एकूण ६,२००. ठाणं पगारी, स्वयंसेवक ठाण्याला जोडलेले. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपदा मित्र योजना आहे, १२ दिवसांचं प्रशिक्षण. त्यातले तुमच्या तालुक्यातले किती जण प्रशिक्षित आहेत, ही यादी जिल्हाधिकारी कार्यालयात मिळेल. सुरुवात शून्यातून नको.

यंत्रचालक_६३

सह्यवाट, पूर, दरड, शोध यांना हो. तिथे तासांचा हिशोब असतो आणि हात जितके जास्त तितके चांगले. बंद खोलीतल्या आगीत मिनिटांचा. बीए सेटचंच बघा : ६.८ लिटरची टाकी ३०० बारला भरली की २,०४० लिटर हवा. शांतपणे ५० मिनिटं म्हणतात. जिना चढून, होज ओढत, घाबरलेल्या माणसाला ६०-७० लिटर मिनिटाला लागते, हवा संपत आल्याची शिट्टी वाजेपर्यंत साधारण २५ मिनिटंच हातात. सवय नसलेला आणखी लवकर संपवतो. ही सवय महिन्यातल्या एका रविवारी लागत नाही.

टँकरलॉबी

स्वयंसेवकांचा खरा उपयोग कोणी सांगितलाच नाही : पाणी. साडेचार हजार लिटरची टाकी, एक ब्रँच (होजच्या टोकाचा फवारा मारायचा नळ) मिनिटाला ४५० लिटर खातो. दहा मिनिटांत खडखडाट, दोन ब्रँच लावले तर पाच. जलकुंभ दोन किलोमीटरवर धरला तर जाणं, येणं, भरणं आणि जोडणं मिळून २० मिनिटं. म्हणजे एकच ब्रँच अखंड चालवायचा तरी तेवढ्याच क्षमतेचे दोन टँकर सतत फेऱ्यांवर हवेत.

शहरात खासगी टँकर भरपूर असतात. येतातही. आणि उभे राहतात, कारण त्यांच्या तीन-चार इंची चकतीच्या नळाला बंबाचं ६३ मिमीचं कपलिंग बसत नाही. मग वरच्या झाकणातून बादलीने. लेथवाल्याकडून जोड करून घ्या, प्रत्येक टँकरमालकाला एक, दोन बंबावर. याहून स्वस्त सुधारणा नाही. साखर कारखान्याचा बंब येतो, त्याचं कपलिंग आधी तपासून ठेवा.

जलकुंभाच्या व्हॉल्व्हची किल्ली कोणाकडे, रात्री तो कुठे असतो, महावितरणच्या उपकेंद्रात थेट फोन कोण करणार, गल्लीच्या तोंडाशी गर्दी कोण थोपवणार, शेजारच्या घरांतून म्हातारी माणसं कोण बाहेर काढणार? ही स्वयंसेवकांची कामं. चाळीस नको, प्रभागनिहाय चार-पाच पुरे.

रंकाळा_एक्सप्रेस

गर्दी थोपवायला ठेवलेला स्वयंसेवकच व्हिडिओ काढत उभा राहिला तर?

टँकरलॉबी

त्याच्या हातात होजची गुंडाळी द्या. १५ मीटरचा भिजलेला होज उचलला की फोन आपोआप खिशात जातो.

चौकातला_चष्मा

बराच कल बदलला. आता ठराव कसा मांडायचा? २४ माणसांना सभागृह हो म्हणणार नाही, हे उघड आहे.

हिशेबनीस

एका वेळी चौघे असे मागा. १२, सुट्टी धरून १४, रजेसह १६-१७. आधी आकृतीबंधातली रिकामी पदं भरण्याची मागणी जिल्हा प्रशासनामार्फत नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे, ती भरेपर्यंतच ठेका, आणि ठेक्याच्या अटींत सहा महिन्यांचा विमोचक अभ्यासक्रम पूर्ण केलेलीच माणसं. बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमन सेवा शुल्क घेतलं जातं. ते सर्वसाधारण निधीत विरघळतं की अग्निशमनावरच खर्च होतं, हे लेखापालाला सभेत विचारा. उत्तर इतिवृत्तात आलं पाहिजे.

राईनकाठ

स्वयंसेवकांच्या ठरावात एक वाक्य स्पष्ट हवं : बीए सेट लावून आत जाण्यास मनाई, जोवर प्रशिक्षण आणि चालू वर्षाची तपासणी नोंदवहीत नाही. आणि अपघात विमा पहिल्या सरावाच्या आधी, पहिल्या वर्दीच्या आधी नव्हे. जखमा सरावातही होतात.

विहिरीकाठ

माझा विरोध नोंदवून ठेवतो. 'चौघे पगारी अधिक स्वयंसेवक' हा ठराव झाला की पुढच्या वर्षी चौघांचे तिघे होतात आणि सांगतात, स्वयंसेवक आहेत ना. चौघांतही आत दोघे गेले की दारात उभं राहायला उरतो एक, कारण चौथा पंपावर. किमान चौघे हजर नसतील तर बंबाने आत न शिरता शेजारच्या शहराची गाडी ताबडतोब मागवायची, असं लेखी लिहा. नाहीतर तो ठराव यंत्रचालकाच्या जिवावर.

यंत्रचालक_६३

विहिरीकाठ यांना पूर्ण अनुमोदन. आणि सभेच्या आधी एक चाचणी घ्या, मुख्याधिकाऱ्यांना सांगून, ठाण्याला न सांगता. रात्री १ वाजता वर्दी. ठाण्याबाहेर पडायला किती वेळ, जागेवर किती, पहिलं पाणी नोझलमधून किती, टाकी पुन्हा भरून यायला किती. चार आकडे. प्रस्तावाला जोडा.

भोंगाप्रेमी

दिवसाचीही एक घ्या, आठवडी बाजाराच्या दिवशी.

चौकातला_चष्मा

बाजाराच्या दिवशी मंडईच्या रस्त्याने बंब जातच नाही. हातगाड्या बाजूला घ्यायला आधी सांगायला लागेल.

यंत्रचालक_६३

सांगू नका. तोच पाचवा आकडा.